खात्रीचा उन्हाळा

चैत्र सरत आला की नांदेडचं आभाळ आधी पांढरं होतं, मग करडं, आणि दुपारी बारानंतर त्याला रंगच उरत नाही. यंदा आमच्या गल्लीत टँकर दिवसाआड येतो. काल तो वळणावर थांबला आणि पाइपाच्या तोंडाशी दोन बायका एकमेकींच्या झिंज्यांना भिडल्या. एकीच्या कपाळावर घागर बसली, रक्त नाकावरून ओघळलं, लोकांनी मोबाइल वर धरले. मी गॅलरीत उभा होतो. चूक हिरव्या साडीतल्या बाईची आहे, हे मला तिथल्या तिथं ठाऊक झालं. तिचं तोंडसुद्धा मी नीट पाहिलं नव्हतं. संध्याकाळी शेजारच्या वहिनी म्हणाल्या की हिरव्या साडीतली बिचारी मुकाट रांगेत होती. मारणारी मधेच घुसली होती.

सारी हयात पोलिसात काढली, निवृत्त होऊनही एक तप लोटलं, तरी ही खोड जात नाही. ऊन तापलं की ती जास्तच उसळते. आणि प्रत्येक उन्हाळ्यात मला तो एक उन्हाळा आठवतो, ज्यात या खोडीची किंमत दुसऱ्या माणसानं मोजली.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. कागदांवर जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेलं असायचं आणि आम्ही ते शाईनं खोडून वर नवं लिहायचो. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, टेबलं उसनी, पाट्यांचा रंग ओला. मी नवा फौजदार, अंगावर खाकी अजून कडक, आणि मला मिळालेलं ठाणं निलंग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेजवळ. बाजारात अर्धी माणसं कन्नडात घासाघीस करायची. नवा जिल्हा, नवी नोकरी, आणि सलग दुसरा कोरडा पावसाळा. मला वाटायचं, आता इथं जे होईल ते माझ्या हातून होईल.

दुष्काळ म्हणजे शांतता, असं शहरातल्या लोकांना वाटतं. सुकलेली झाडं, गप्प बसलेली माणसं. मी पाहिलेला दुष्काळ फार आरडाओरडा करणारा होता. काळी जमीन इतकी फाटलेली, की भेगेत पाय अडकून बैलाचा खूर मोडायचा आणि तो बैल दिवसभर हंबरायचा. वावटळ उठली की पत्रे उडून माणसांच्या अंगावर यायचे. टँकर गावविहिरीत रिकामा व्हायचा आणि त्याच क्षणी काठावरून साठ-सत्तर बादल्या एकदम आत पडायच्या. दोर दोरात गुंतायचे, बाया एकमेकींच्या हातांना चावायच्या. एकदा वरून सुटलेली लोखंडी बादली आत उतरलेल्या एका पोरीच्या डोक्यावर पडली. तिला वर काढलं तेव्हा विहिरीतल्या पाण्याला लाली आली होती. बायांनी थोडा वेळ बघितलं. मग तेच पाणी शेंदलं.

त्या गावाचं नाव सांगत नाही. गाव अजून आहे, माणसंही आहेत.

गावचा कोतवाल निवृत्ती. सरकारी हुकूम गावात पोचवायचा, दवंडी द्यायची, टँकर आला की रांग लावायची, हे त्याचं काम. पंचविशीचा, काटक, तोंडानं थोडा फटकळ. तहसिलातून हुकूम निघाला की गावातल्या शिवअप्पांची विहीर सरकारनं ताब्यात घेतली आहे, तिचं पाणी गावाला खुलं करायचं. शिवअप्पा लिंगायत, दुकानदार आणि चाळीस एकरांचे मालक. त्यांच्या विहिरीला कमरेइतकं पाणी होतं आणि रहाटाला कुलूप होतं. निवृत्तीनं तो हुकूम विहिरीच्या कठड्यावर खळीनं चिकटवला. अप्पांनी सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली आणि कागद फाडला. निवृत्तीनं दुसऱ्या दिवशी दुसरा कागद आणून चिकटवला.

त्यानंतर आठवड्यानं सकाळी त्याचं प्रेत अप्पांच्या शेतात, त्याच विहिरीपासून पन्नास पावलांवर सापडलं. डोक्याची मागची बाजू आत गेलेली होती. माशा इतक्या, की लांबून तिथं काळं फडकं टाकल्यासारखं दिसत होतं. बातमी आणली त्याच्या थोरल्या भावानं, लिंबाजीनं. तो ठाण्याच्या पायरीवर डोकं आपटून घेत होता. आमच्या शिपायांनी त्याला धरून ठेवलं.

मी जाईपर्यंत गावानं निकाल देऊन टाकला होता. गावाबाहेर वडारांची चार पालं होती. विहिरी खोल करायच्या कामावर आलेली माणसं. त्यांतल्या हणमंतूचं आणि निवृत्तीचं रांगेवरून वाजलं होतं, आणि हणमंतू म्हणाला होता की तुझं डोकं फोडतो. डोकं फुटलेलं होतं. गावाला आणखी काही नको होतं. मी पोचलो तेव्हा पालं पेटलेली, एक गाढव दोरीला बांधल्या जागी जळत होतं, आणि हणमंतूला पन्नास माणसं तुडवत होती. त्याची बायको तान्हं पोर छातीशी धरून एकच वाक्य ओरडत होती. मी हवेत गोळी झाडली. आयुष्यातली पहिली. गर्दी फाटली आणि मधे हणमंतू दिसला, एक डोळा बंद, हात कोपरातून उलटा. "नेनु कादू," तो म्हणाला. मी नाही.

मी त्याला उचलून जीपमध्ये घातलं. मला स्वतःचा अभिमान वाटला, हे कबूल करतो. सगळं गाव आंधळं झालेलं असताना एका माणसाला दिसत होतं, आणि तो माणूस मी होतो. गावानं परका, गरीब, उघड्यावरचा माणूस धरला कारण तो धरायला सोपा होता. मला ते कळत होतं. त्यामुळं माझी नजर स्वच्छ आहे असं मी धरून चाललो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ ज्याला दिसतं, त्याला आपल्या डोळ्यात काही असेल अशी शंकाच येत नाही.

मला खात्री होती की खून शिवअप्पांनी केला. विहीर त्यांची, शेत त्यांचं, राग त्यांचा. लिंबाजीनंही सांगितलं की त्यानं अप्पांना आदल्या दिवशी भर दुपारी विहिरीवर कुऱ्हाड घेऊन उभं पाहिलं. मी अप्पांना ठाण्यात आणून कोठडीत घातलं. ते म्हणाले, मी त्या दिवशी लातूरला होतो, अडतीवर बसलो होतो, विचारा. मी विचारलं नाही. अडतवाले त्यांच्याच ओळखीचे, ते काय वेगळं सांगणार?

लिंबाजीच्या घरी मी दोनदा गेलो. घर आमच्यातलंच. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पितळी तांब्या. त्यांची आई धुरपताबाई कोपऱ्यात बसलेली असायची, डोळे कोरडे. तिनं मला 'साहेब' म्हटलं नाही, 'बाळा' म्हटलं. लिंबाजीनं चहा केला. अंगणात त्याची खिल्लारी बैलजोडी उभी होती. मी चहा प्यालो आणि त्या माउलीला शब्द दिला, की ज्यानं हे केलं त्याला मी सोडणार नाही.

ठाण्यात एक जमादार होते, दस्तगीर. निजामाच्या काळात पोरवयात नोकरीला लागलेले, पेन्शनीला वर्षभर उरलेलं, दाढी मेंदीनं लाल. दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्यासमोर कोरा कागद घेऊन बसले. म्हणाले, जरा आडव्या-उभ्या रेघा मारू. वरती उभ्या रकान्यांत संशयितांची नावं. डाव्या अंगाला एकाखाली एक, जे जे सापडलं ते. मग एकेक गोष्ट घेऊन प्रत्येक नावासमोर विचारायचं, हे याच्याशी जुळतं का?

"जुळतं तिथं काही लिहू नका," ते म्हणाले. "जुळायला सगळं जुळतं. जे जुळत न्हाई तिथं फुली मारा. ज्याच्या नावाखाली फुल्या कमी, त्याच्याकडं बघायचं. आन् एक रकाना रिकामा ठेवा, साहेब. ज्याचं नाव आपल्याला सुचलं न्हाई, त्याच्यासाठी."

मी विचारलं, हे कुठं शिकलात? त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही. तरुणपणी त्यांनी एका माणसाला जबाब वदवून आत धाडलं होतं, तो सुटून आला तेव्हा त्याला स्वतःच्या मुलीनं ओळखलं नाही, एवढंच बोलले. खरा चोर पुढं दुसऱ्याच गुन्ह्यात सापडला होता. तेव्हापासून ते रेघा मारत होते.

मी तक्ता भरला. माझं अक्षर चांगलं आहे. हणमंतूच्या खाली मी भराभर फुल्या मारल्या, आणि त्या बरोबरच होत्या: तो त्या दिवशी शेजारच्या गावात विहिरीत उतरलेला होता, दहा माणसांनी पाहिलेला. मग अप्पांचा रकाना. प्रेताच्या केसांत आणि कानांत पांढरी वाळू होती, ओलसर. अप्पांचं शेत काळ्या मातीचं. मी क्षणभर थांबलो आणि ठरवलं की झटापटीत कुठून तरी आली असेल. फुली नाही. सदऱ्याच्या पाठीला कडब्याची पानं चिकटली होती. कडबा कुठंही असतो. फुली नाही. पायांत वहाणा नव्हत्या. कुत्र्यांनी नेल्या असतील. फुली नाही. अप्पा लातूरला असल्याचं सांगतात. खोटं. फुली नाही. लिंबाजीनं त्यांना कुऱ्हाड घेऊन पाहिलं. ही ओळ मी जाड अक्षरांत लिहिली. जमादारांनी बोट ठेवून विचारलं, हे घडलं का कुणी सांगितलं? मी म्हणालो, तेच ते. रिकामा रकाना रिकामाच राहिला.

कागद पुरा झाला तेव्हा अप्पांच्या नावाखाली एकही फुली नव्हती. तो स्वच्छ रकाना बघून माझ्या अंगात जे आलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. आधी माझ्याकडं राग होता. आता रागाला पुरावा मिळाला होता, रेघा मारलेला, नीटनेटका. मी कोठडीत गेलो आणि दार लावून घेतलं.

किती वेळ मारलं ते आठवत नाही. पट्ट्याचा आवाज आठवतो, आणि भिंतीवरून परत येणारा तोच आवाज. अप्पा पन्नाशीचे, भरल्या अंगाचे, गळ्यात लिंग बांधलेलं. ते मुठीत धरून ते खाली बसले. ते ओरडत होते की मी केलं नाही, आणि मला ते खोटं बोलणाऱ्या माणसाचं ओरडणं वाटत होतं. ते गप्प झाले तेव्हा ते गुन्हेगाराचं गप्प बसणं वाटलं. रडले तेव्हा पश्चात्ताप वाटला. त्या खोलीत त्यांनी काय केलं असतं तर मला ते निर्दोष वाटले असते? मी नंतर पुष्कळ विचार केला. काहीही केलं असतं तरी नसते वाटले. शेवटी मी त्यांच्या डाव्या कानावर उघड्या पंजानं मारलं आणि कानातून रक्ताची बारीक धार आली. दार बाहेरून वाजत होतं. जमादार दार ठोकत होते.

परवा इथं नव्या भरतीच्या अधिकाऱ्यांसमोर बोलायला मला बोलावलं होतं. आता हे सगळं शिकवतात. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर रंगीत चौकटी, पूर्वग्रहांची नावं, ते टाळायच्या पायऱ्या. पोरं हुशार आहेत. एकानं विचारलं, सर, अशा पद्धती वापरल्या की पूर्वग्रह खरंच कमी होतो का? मी त्यांना सांगितलं की मी पहिला तक्ता भरला तेव्हा माझा पूर्वग्रह कमी झाला नाही, वाढला. हातात कागद नसता तर कदाचित मी इतकं मारलं नसतं. काही जण हसले, त्यांना वाटलं म्हातारा पद्धतीची टर उडवतोय. मग मी पुढचं सांगितलं.

जमादारांनी अप्पांना सरकारी दवाखान्यात पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माणिक नावाचा शिपाई सुट्टीवरून आला. त्याच्या बहिणीचं लग्न होतं, तो पंधरा दिवस उदगीरकडं होता, त्याला या खुनाचा ओ की ठो ठाऊक नव्हता. जमादारांनी माझाच तक्ता पुन्हा नव्या कागदावर उतरवला, वरची नावांची पट्टी मागं दुमडली आणि तिथं एक, दोन, तीन असे आकडे घातले. मग माणिकला समोर बसवून एकेक गोष्ट वाचून दाखवली. क्रमांक दोनबद्दल फक्त एवढंच सांगितलं: काळ्या मातीचा शेतकरी आहे, मयताशी वैर आहे, त्या दिवशी बाहेरगावी होता असं सांगतो. क्रमांक तीन म्हणजे कोण ते ठाऊक नाही.

मी खिडकीशी उभा राहून ऐकत होतो. माणिकनं वाळूला दोनखाली फुली मारली. इथं वाळू न्हाईच तर ती आली कुठून, मयत दुसरीकडं मेला असंल, म्हणाला. वहाणांना फुली. बाहेरगावी होता त्याला त्यानं फुली मारली नाही, बाजूला लिहिलं: विचारून बघावं. कुऱ्हाड पाहिल्याच्या ओळीवर त्यानं डोकं खाजवलं. म्हणाला, कुऱ्हाडीचा घाव फाटतो, हा तर ठेचलाय.

मग तो कडब्यावर आला आणि थांबला.

"आवंदा कडबा हाय कुणाकडं?" त्यानं विचारलं. "जनावरं तर समदी छावणीला गेल्यात. ज्याच्या दारात बैल हायत आन् गाडी हाय, त्यानंच ह्याला कडब्याखाली घालून आणला असंल. पण बैल दारात ठिवायला पाणी लागतं. ते कुठलं पाजतोय त्यो?"

खिडकीचा गज मी हातात धरला होता, तो तापलेला होता, आणि मला तो सोडायचं भान राहिलं नाही. अप्पांचे बैल दोन महिन्यांपासून छावणीत होते, मी स्वतः नोंद पाहिली होती. सबंध गावात एकच जोडी दारात उभी होती. मी तिथं बसून चहा प्यालो होतो. त्या बैलांच्या नाकपुड्या ओल्या होत्या, कातडी तुकतुकीत होती. मी ते पाहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तक्त्यात लिहिलं नव्हतं, कारण ते घर माझ्या मनात तक्त्याच्या बाहेर होतं.

दुपारी आम्ही नदीच्या कोरड्या पात्रात उतरलो. पायाखालची वाळू बुटातून भाजत होती. वळणापाशी बाभळीच्या काट्यांचा एक ढीग होता, उगीच पडल्यासारखा. माणिकनं तो काठीनं ओढला. खाली पुरुषभर खोल झिरा होता, वाळूत खणलेला, तळाशी हातभर पाणी, काचेसारखं. कडेची वाळू एका जागी काळपट, घट्ट झाली होती. पलीकडं वाळूत अर्ध्या पुरलेल्या दोन वहाणा.

लिंबाजीनं नाकारलं नाही. मी हात वर केला नाही. वहाणा फक्त त्याच्यापुढं ठेवल्या. तो बैलांच्या मधे बसला आणि बोलू लागला. झिरा त्यानं होळीच्या सुमारास खणला होता. घरातही कुणाला ठाऊक नव्हता. निवृत्ती त्या दुपारी मागोमाग आला आणि म्हणाला, हा गावाला दाखवावा लागंल. लिंबाजीनं पाय धरले. बैल मरतील म्हणाला. निवृत्ती ऐकेना.

"म्हणला, अप्पाच्या हिरीला मी कागद लावला, आन् घरचा झिरा झाकू का?" लिंबाजी सांगत होता. "माझ्या हातात पहार होती. त्यो काठावर वाकून आत पाणी बघत हुता. मी मारली. मारल्यावर कळलं मारली म्हून."

त्यानं प्रेत काट्यांखाली झाकलं, दिवस कलल्यावर गाडीत कडब्याखाली घालून अप्पांच्या शेतात नेलं. अप्पांनी थोबाडीत मारल्याचा आवाज सगळ्या गावानं ऐकला होता. पुढचं गाव करील, असं त्याला वाटलं. गावानं भलतंच केलं, आणि ते निस्तरायला मी आलो. त्याला मला काही पटवावं लागलं नाही. मी पटूनच आलो होतो.

धुरपताबाईला मीच सांगितलं. दुसऱ्या कुणाला पाठवायचं धाडस झालं नाही. ती चुलीपुढं बसली होती, चूल विझलेली. मी सांगत असताना तिनं एकदाही मान वर केली नाही. बाहेर शिपाई लिंबाजीला जीपमध्ये बसवत होते आणि बैल दावणीला हिसके देत होते. मग ती बोलली.

"पहिल्या दिशी तू म्हणलास अप्पानं मारलं. तेच राहू द्यायचं होतं, बाळा. एक तरी राहिला असता."

खरं शोधून काढलं की कुणाचं तरी भलं होतं, असं मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. त्या घरात खऱ्यानं दुसरा पोरगा नेला. तरीही ते खरंच काढायला हवं होतं. मी हे दोन्ही इतकी वर्षं शेजारीशेजारी बाळगून आहे आणि त्यांचं एकमेकांशी अजून पटलेलं नाही. झिरा गावाला खुला झाला. तो चार दिवस पुरला. पाचव्या दिवशी तिथं चिखलासाठी मारामारी झाली आणि एकाचे दोन दात पडले.

वर्गातल्या पोरांना मी म्हणालो, तक्ता माझ्या मनातली घाण धुऊन काढत नाही. ती तो कागदावर आणून मांडतो. मी एकटाच तो कागद वाचत बसलो, तर मला त्यात माझंच अक्षर सुंदर दिसत राहतं. दुमडलेली पट्टी, सुट्टीवरून आलेला माणिक, दार ठोकणारे जमादार, हे सगळं असेल तर त्या रेघांना काही अर्थ आहे. ज्याला तुमच्या खात्रीशी काही देणंघेणं नाही, असा एक माणूस जवळ ठेवा आणि तो बोलला की ऐका. एवढंच मला ठाऊक आहे. मागच्या बाकावरची एक तरुण महिला फौजदार वहीत काही लिहीत नव्हती. तिनं हात वर केला आणि विचारलं, "सर, त्या अप्पांकडं तुम्ही परत गेलात का?"

गेलो होतो. लगेच नाही. अप्पांनी तक्रार केली नाही. कचेरीत ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं की जिन्यावरून पडलो. का, ते मला कळलं नव्हतं, आणि कळून घ्यायची हिंमत नव्हती. जमादार निवृत्त होऊन गेले. लिंबाजीला जन्मठेप झाली. माझी बदली झाली, बढती झाली. मधे पुष्कळ पावसाळे बरे गेले. मग एका कोरड्या साली, वैशाखात, मी साध्या कपड्यांत एस.टी.नं निलंग्याला उतरलो आणि तिथून पुढं गेलो.

अप्पा दुकानाच्या फळीवर बसले होते. केस पिकलेले. मी समोर उभा राहिलो, त्यांनी ओळखलं, बसा म्हणाले. उजवा कान माझ्याकडं होईल असे ते सरकून बसले. मी जे बोलायला आलो होतो ते बोललो. माझी चूक झाली, मी माफी मागायला आलोय. त्यांनी मधे अडवलं नाही. एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी पावशेर तूरडाळ दिली, तो गेला.

मी विचारलं, तुम्ही तक्रार का केली नाही? ते म्हणाले, हिरीला कुलूप मी लावलं होतं. त्या निवृत्तीला सगळ्यांसमोर मीच मारलं होतं. त्याच्या आईसमोरून मला रोज जायचं होतं. तक्रार कोणत्या तोंडानं करू?

मग म्हणाले, "एक इचारू का? तुम्ही मला मारत हुता तवा माझ्या तोंडाकडं बघत होता. पण मी तुम्हाला दिसत न्हवतो. मला ते कळत होतं. कोण दिसत होतं?"

हा प्रश्न मला जमादारांनी विचारला नव्हता, माझ्या बायकोनं विचारला नव्हता, मी स्वतःलाही विचारला नव्हता. आणि उत्तर तर जिभेवर तयार होतं. मी त्यांना सांगितलं. धर्माबादकडच्या आमच्या गावी, मी सात वर्षांचा असताना, अशाच एका सालात माझ्या आईनं एका मालकाच्या विहिरीवर घागर नेली होती. त्यानं घागरीला लाथ घातली, मग आईला. ती पोटुशी होती. ते मूल राहिलं नाही. मी कठड्याशी उभा होतो. त्या माणसाच्या कपाळावर भस्म नव्हतं, तो तुमच्या जातीचाही नव्हता. पण त्याचे खांदे असे रुंद होते आणि तो असाच कमरेवर हात ठेवून उभा राहायचा.

अप्पांनी डाळीच्या पोत्याचं तोंड दुमडलं.

"मग त्याला मारायचं होतं," ते म्हणाले.

"तो कधीच मेला होता, अप्पा."

त्यांनी मान हलवली. रागानं नाही, एखादा पत्ता विचारल्यावर तो बरोबर निघावा तशी. मग त्यांनी घरात हाक मारून माझं ताट वाढायला सांगितलं. मला जेवण गेलं नाही, पण मी उठलो नाही.